गटातली एकटी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "मुलं हुशार आहेत, मग गटात कोण कुठल्या वर्णाचं हे कशाला बघायचं?" तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

मलाही असंच वाटायचं. इथे अमेरिकेत, आमच्या कॉलेजात, पहिल्या वर्षाच्या मुलांचे गट करून गणिताच्या अभ्यासाला सीनियर मुलं मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, म्हणून देतात. गेल्या वर्षी गट मीच पाडले. कृष्णवर्णीय मुलं मोजकी, म्हणून प्रत्येक गटात एकेक घातलं. कागदावर किती छान दिसत होतं! प्रत्यक्षात प्रत्येक जण आपापल्या गटात एकटा पडला. त्यातली एक मुलगी अजून डोळ्यांसमोर येते. तासभर दप्तर मांडीवर घेऊन बसायची, वही उघडी, प्रश्न एकही नाही. बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाली, "मी चुकले तर त्यांना वाटेल, आमच्यातले सगळे असेच." आई, एवढ्याशा पोरीने गणिताबरोबर हेही ओझं वाहायचं? तिने कॅल्क्युलस हा गणिताचा विषयच सोडला. चूक माझी होती.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९७०च्या दशकात गणितज्ञ युरी ट्राइसमन यांना हाच प्रश्न पडला होता. शाळेत चमकलेली कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसला का अडकतात? कष्टात कमी, घरून पाठिंबा नाही, असली कारणं तपासल्यावर टिकेनात. मग त्यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या मुलांचा अभ्यास जवळून पाहिला. चिनी वंशाची मुलं एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत. कृष्णवर्णीय मुलं नेटाने, पण एकेकटी अभ्यास करत. ट्राइसमन यांनी त्यांना एकत्र बसवलं आणि सोपी नाही, मुद्दाम अवघड गणितं दिली. मुलं उत्तम गुण मिळवू लागली. त्यांना 'कच्ची' म्हणून शिकवणी लावली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

वर्णावरून मुलं वेगळी बसवा, असं नाही म्हणत मी. मिसळायला तर हवंच. पण आपल्यासारखं आणखी एक जण शेजारी असलं, की चूक आपली एकटीची राहते, सगळ्या समाजाची होत नाही. यंदा वर्ण न विचारता फॉर्मवर एवढंच विचारलं: गटात ओळखीचं कुणी हवंय का?

त्या मुलीने यंदा पुन्हा कॅल्क्युलस घेतलं आणि फॉर्मवर मैत्रिणीचं नाव लिहिलं. परवा फळ्यावर तिचं उत्तर चुकलं. बोटाने पुसलं, मागे वळून मैत्रिणीला म्हणाली, "इथे वजा कुठून आलं गं?" दप्तर खुर्चीखाली होतं.

तब्येतीला जपा.

तुमची लेक