जावा येते ना, मग आधी ग्रूव्ही शिका

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

आमच्या आर्णी-दिग्रसकडची बीसीएची पोरं जावा शिकली की विचारतात सर आता पुढं काय, आणि कोणीतरी त्यांना सांगून टाकते की जायथॉन घ्या, जावाच्या मशीनवर (म्हणजे जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) पायथॉन ही दुसरी भाषा चालते, एका फीमध्ये दोन्ही होऊन जाईल. पोरांच्या घरचे कापूस विकून फी भरतात हो, म्हणून लिहितो आहे.

जायथॉन 1997 पासून आहे, जुनं काम आहे, मान आहेच. पण ते पायथॉन 2.7 वरच थांबलेलं आहे, आणि पायथॉन 2 चा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपला. वरून नमपाय-पांडाज या डेटाच्या कामाच्या लायब्ररी (तयार कोडचे संच) त्यात चालत नाहीत, कारण त्यांचा आतला भाग सी भाषेत लिहिलेला आहे. मग डेटाचं काम करायचं म्हणून पायथॉनकडे वळलेल्या पोराच्या हाती काय राहिलं? त्याला पायथॉनच पाहिजे असेल तर सरळ साधं पायथॉन 3 शिकवा.

जेरुबी, म्हणजे जावाच्या मशीनवरची रुबी भाषा, जिवंत आहे, नव्या रुबीसोबत चालते, थ्रेड (प्रोग्राममधली वेगवेगळी कामं) खरोखर एकाच वेळी पळतात, पण ते मुख्यतः रुबीत रेल्स वापरून वेबसाइट करणाऱ्याच्या कामाचं. क्लोजर (Clojure) मला स्वतःला लय आवडते, रिच हिकीनं 2007 मध्ये आणलेली ही लिस्प या जुन्या भाषेच्या घराण्यातली, जावाच्याच मशीनवरची भाषा, फक्त विचार करायची पद्धतच बदलावी लागते आणि इकडं शिकवणारा सापडत नाही.

ग्रूव्ही हीसुद्धा जावाच्याच मशीनवरची भाषा, पण तिचं तसं नाही. जावाचा बहुतेक कोड त्यात जसाच्या तसा चालतो, मग हळूहळू सेमीकोलन सोडा, टाइप सोडा, closure (वरची क्लोजर भाषा नव्हे, व्हेरिएबलसारखा ठेवता येणारा कोडचा तुकडा) वापरा, रोज थोडं थोडं जमत जाते. कोड आपोआप तपासून चढवणाऱ्या जेनकिन्सची पाइपलाइन (कामांची यादी) ग्रूव्हीत लिहितात, प्रोग्राम बांधून देणाऱ्या ग्रेडलची बिल्ड फाइलही लिहिता येते, म्हणजे नोकरीत लगेच उपयोग. आणि कोड लिहून लगेच चालवून पाहायची खिडकी, कन्सोल, सोबतच येते, एकदा झिप उतरवली की नेट नसलं तरी सराव चालू. छोटी स्क्रिप्ट सुरू व्हायला जरा वेळ लागते, पण तो जावाच्या मशीनवरच्या सगळ्याच भाषांना लागते.

या चारही भाषा शेवटी त्याच बाइटकोडवर (जावाच्या मशीनला समजणाऱ्या कोडवर) जातात, जावाच्या लायब्ररी चारहीतून वापरता येतात, म्हणून शिकलेली जावा कुठंच वाया जात नाही. क्लासवाल्यांना एवढीच विनंती की फी घ्यायच्या आधी फळ्यावर लिहा, शिकवणार ती भाषा कोणत्या व्हर्जनची आणि ते व्हर्जन कोणत्या वर्षी आलं.

आपला,
एक कॉम्प्युटर शिक्षक, आर्णी, जि. यवतमाळ