आईचं कानाचं यंत्र विसरू नका

लीड्स, रविवार

प्रिय दादा आणि वहिनी,
सा. न. वि. वि.

काल फोनवर दादाने विचारलं, "आईच्या मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन केलं, तर नंतर ती भ्रमणार, भलतंसलतं बोलणार नाही ना?" लालबागच्या पुलाच्या घरघरीत माझं उत्तर अर्धंच पोचलं असेल, म्हणून लिहिते.

भूल पूर्ण द्यायची की कमरेखालची, हे भूलतज्ज्ञांवर सोडा. खुबा मोडलेल्या १६०० रुग्णांवर अमेरिका-कॅनडात नेमकं हेच ताडून पाहिलं, २०२१ मध्ये निष्कर्ष आले. दोन्ही प्रकारच्या भुलीत शंभरातले वीसेक जण भ्रमले. दोष एकट्या भुलीचा नसतो. दुखणं, जागरण, कमी पाणी, तुंबलेली लघवी, जंतुसंसर्ग, सगळं एकदम थकलेल्या मेंदूवर येतं.

अप्पांचं आठवतंय? प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर रात्री दोनला उठून बसले. "भोंगा झाला, डबा दे!" गिरणी ८२च्या संपातच गेलेली. आपण त्यांना दटावलं, हातही बांधू दिले. दोष कुणाला देऊ? मी तेव्हा नर्स होते, तरी 'म्हातारपण' म्हणून गप्प बसले.

या वेळी तसं नको. ऑपरेशनला नेताना आईचा चष्मा, कवळी, कानाचं यंत्र काढून घेतील. शुद्धीवर आली की आधी ते परत चढवा. ऐकू न येणारा माणूस पटकन बावरतो. रात्री ती झोपेची अर्धी गोळी घेते, ते भूलतज्ज्ञांना सांगा (वहिनी, तूच सांग, दादा "काही घेत नाही" म्हणेल). मनाने बंद करू नका, एकदम थांबवली तरी भ्रम होतो. ती काहीबाही बोलली तर वाद नको. "आई, आज बुधवार, पाय मोडला होता, ऑपरेशन झालंय," एवढंच. आणि नुसती गप्प पडून राहिली तर "बरं, झोपलीय" म्हणू नका. तोही भ्रमच असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.

बहुतेकांचं काही दिवसांत ओसरतं. विसराळूपणा काहींचा महिनोन्‌महिने रेंगाळतो, तेव्हा बँकेच्या सह्या लगेच घेऊ नका.

रात्री बाराला इथे संध्याकाळच असते. तुम्ही दोघं आळीपाळीने झोपा, ती जागी असेल तर फोन तिच्या कानाशी धरा, मी बोलत राहीन. यंत्र घालून, बरं का.

तुमची,
सुमी