नंदूस पत्र: क्लासच्या डेस्कटॉपवर जीसीसी बसवायचंय ना, मग हे वाच

प्रिय नंदू,

तुझा मेसेज वाचला आणि खरं सांगतो एकदम बरं वाटलं, क्लासमधून टर्बो सी, म्हणजे सीचा तो जुना कंपायलर, काढून जीसीसी हा आजचा कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारा) आणायचं तू ठरवलंस ते. फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही म्हणून सविस्तरच लिहितोय, मशीनसमोर बसूनच वाच.

आधी तुझा प्रश्न, की सरळ लिनक्स किंवा डब्ल्यूएसएल का नको. चालेल की, पण तुझी मशीन चार-चार जीबी रॅमची आणि डब्ल्यूएसएल २ म्हणजे विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स चालवायचं, त्यात बाजूला ब्राउझर उघडला की संपलं. आणि मुख्य म्हणजे तिथल्या जीसीसीतून जी फाईल निघते ती लिनक्सची असते, विंडोजची ईएक्सई नसते. तुझी पोरं तो प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून घरी नेणार, काकाच्या दुकानातल्या पीसीवर डबल क्लिक करून दाखवणार, तिथे तो चालायलाच पाहिजे रे. आपण लिहिलेलं घरच्यांनी चालवून बघितलं ना की मग पोराच्या मागे लागावं लागत नाही, तो आपणहून पुढचं विचारत येतो. म्हणून मी नेटिव्हच म्हणतोय, विंडोजवर बसलेला कंपायलर, विंडोजसाठीच ईएक्सई बनवणारा, आणि मध्ये कुणी नाही.

त्यासाठी एमएसवायएस २ घे, विंडोजवर जीसीसी आणि त्याच्या सोबतची साधनं बसवून देणारा संच, आम्ही बोलताना एमसिस-टू म्हणतो. विंडोज १० ची १८०९ किंवा त्यापुढची ६४-बिट आवृत्ती लागते, रनमध्ये विनव्हर टाईप करून आधी बघून घे. इन्स्टॉलर सी ड्राइव्हवर एमएसवायएस६४ नावाचा फोल्डर सुचवतो तोच ठेव, स्पेस असलेल्या किंवा मराठी नावाच्या फोल्डरमध्ये अजिबात टाकू नको, नंतर कुठली स्क्रिप्ट कुठे मोडेल सांगता येत नाही. मग त्याची खिडकी उघडून सगळं अपडेट करायला टाईप कर: पॅकमन, स्पेस, डॅश, मोठा एस, लहान वाय, लहान यू. पॅकमन म्हणजे आर्च लिनक्सचाच पॅकेज मॅनेजर, तो इथे आणलाय. पहिल्या अपडेटला तो मध्येच म्हणेल खिडकी बंद करतो, करू दे, परत उघडून तीच कमांड परत दे, बिघडलेलं काही नसतं.

आता इथून पुढचं जरा लक्ष देऊन वाच कारण सगळा गोंधळ इथेच होतो. स्टार्ट मेनूत एकाच्या जागी चार-पाच आयकॉन दिसतील, एमएसवायएस, यूसीआरटी६४, मिंगडब्ल्यू६४, क्लँग६४ वगैरे. दिसायला सगळ्या खिडक्या सारख्याच, पण प्रत्येकीतून बनणारी ईएक्सई वेगळी. नुसत्या एमएसवायएसवाल्या खिडकीतल्या जीसीसीने बनवलेला प्रोग्राम एमएसवायएस-२.० नावाच्या डीएलएलवर, म्हणजे बाहेरच्या लायब्ररी फाईलवर, टेकून असतो, तो तुझ्या मशीनवर मस्त चालतो आणि काकाच्या दुकानात डीएलएल सापडली नाही म्हणून उघडतच नाही. तुला यूसीआरटी६४ हवंय. विंडोज १० सोबतच जी सीची रनटाइम लायब्ररी येते ती हे वापरतं, म्हणून दुसऱ्या मशीनवर वेगळं काही न्यावं लागत नाही. तर यूसीआरटी६४ची खिडकी उघड, प्रॉम्प्टमध्येच ते नाव दिसतं, आणि पॅकमन डॅश मोठा एस देऊन पॅकेजचं नाव टाईप कर: मिंगडब्ल्यू, डॅश, डब्ल्यू६४, डॅश, यूसीआरटी, डॅश, एक्स८६, अंडरस्कोर, ६४, डॅश, जीसीसी. लांबलचक आहे पण यातला प्रत्येक तुकडा कामाचा, यूसीआरटी विसरलास तर तो भलताच जीसीसी येईल. शेवटी जीसीसीच्या जागी जीडीबी घालून डीबगर (चुका शोधायचं साधन) आण आणि मेक घालून मेक (अनेक फाईली एका कमांडने कंपाइल करणारं साधन) आण, फक्त ती कमांड चालवताना नाव मिंगडब्ल्यू३२-मेक असतं, ६४-बिटवरसुद्धा.

मग पाथ, म्हणजे विंडोज कमांड ज्या फोल्डरांत शोधतं त्यांची यादी. विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये जाऊन पाथमध्ये एमएसवायएस६४च्या आतल्या यूसीआरटी६४मधला बिन फोल्डर टाक, तेवढाच. युएसआरमधला बिन टाकू नको, त्यात फाइंड, सॉर्ट अशा नावांच्या कमांड आहेत आणि विंडोजकडे त्याच नावांच्या स्वतःच्या आहेत, उगाच मारामारी. पाथ बदलल्यावर जुनी काळी खिडकी बंद करून नवीन उघड, जुनीला बदल कळत नाही. तिच्यात व्हेअर जीसीसी दे, जितके जीसीसी पाथवर असतील ते सगळे ओळीने दाखवतं आणि चालतो तो सगळ्यात वरचा. तुझ्या मशीनवर कुणीतरी आधी कुठलातरी आयडीई (बटणं असलेला कोड लिहायचा प्रोग्राम) टाकून ठेवला असणारच, त्याचा जुना जीसीसी वर आलेला असू शकतो. पॉवरशेलमध्ये मात्र व्हेअर डॉट ईएक्सई असं पूर्ण लिही, तिथे नुसत्या व्हेअरचा अर्थ वेगळा.

पोरांकडून हे बटण दाबून नाही, टाईप करूनच घे रे. जीसीसी, मग डॅश वॉल (वॉर्निंग दाखवायला), मग फाईलचं नाव, डॅश ओ, आणि ईएक्सईचं नाव. फाईल कुठेय, कंपायलर कुठेय, बनलेलं कुठे गेलं, हे त्या एका ओळीत दिसतं आणि बटणामागे ते सगळं लपतं, पुढे नोकरीला लागल्यावर पोरं तिथेच अडतात, मी रोज बघतो. सी प्लस प्लस असेल तर जीसीसीच्या जागी जी प्लस प्लस लिही आणि शेवटी डॅश स्टॅटिक जोड म्हणजे लायब्ररी ईएक्सईतच जाते.

जुन्या नोट्स मात्र बदलाव्या लागतील. व्हॉइड मेनला वॉर्निंग येते, सी प्लस प्लसमध्ये तर सरळ एरर. की दाबायची वाट बघणारं गेटच चालतं, पण खिडकी पुसणारं क्लियरस्क्रीन नाहीच, आणि २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून आधी जाहीर न करता (त्याची हेडर फाईल न जोडता) वापरलेलं फंक्शन सीमध्येसुद्धा एरर आहे. माझ्या मते हे फार चांगलं झालं. आणि आपला तो फॅक्टोरियलचा प्रोग्राम, तो पहिल्याच दिवशी करून घे. टर्बो सीत इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) १६ बिटचा, ३२७६७ पर्यंतच जातो, म्हणून ८ चा फॅक्टोरियल ४०३२० यायच्या जागी उणे २५२१६ यायचा आणि आपल्याला सर म्हणायचे ७ पर्यंतच घाला. आता इंट ३२ बिटचा, १२ पर्यंत बरोबर येतं, १३ ला ६२२७०२०८०० च्या जागी १९३२०५३५०४ येतं, उणेसुद्धा नाही, अगदी खरं वाटावं असं चूक उत्तर. ते पोरांना दाखव आणि मग लाँग लाँग घालायला सांग, २० पर्यंत जातं. नुसता लाँग इथे उपयोगाचा नाही, ६४-बिट विंडोजवर तो ३२ बिटचाच असतो, लिनक्सवर ६४.

एक बारीक गोष्ट. एमसिसच्या खिडकीत प्रोग्राम चालवला तर नंबर टाका ही ओळ कधीकधी नंबर टाकून झाल्यावर उमटते, कारण आउटपुट बफरमध्ये अडकून बसतं. प्रिंटएफनंतर एफफ्लश (अडकलेलं लगेच बाहेर काढणारं फंक्शन) टाकायचं, नाहीतर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्येच चालवायचं.

आणि मराठी! फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह कर, खिडकीला यूटीएफ-८ कळावं म्हणून सीएचसीपी ६५००१ दे, आणि प्रिंटएफमधून पोराला स्वतःचं नाव देवनागरीत छापू दे. जोडाक्षरं टर्मिनलमध्ये जरा फुटतात, आउटपुट फाईलमध्ये वळवून नोटपॅडमध्ये उघडलं की नीट दिसतात. मग शब्दाचे बाइट मोजणाऱ्या स्ट्रलेनला ‘मराठी’ दे, उत्तर १५ येतं, कारण काना आणि वेलांटी धरून पाच खुणा आणि प्रत्येकीचे तीन बाइट. हे टर्बो सीत दाखवताच आलं नसतं कधी.

सगळ्या मशीनवर परत डाउनलोड करत बसू नको, नेट तुझं मला माहितीये. एकावर नीट बसलं की तो अख्खा फोल्डर बाकीच्यांवर सी ड्राइव्हवर त्याच जागी कॉपी कर आणि प्रत्येकाचा पाथ तेवढा टाक.

पहिलं मशीन झालं की व्हेअर जीसीसीचा फोटो पाठव, वरची ओळ बघितली की मला कळेल. शनिवारी संध्याकाळी मोकळा आहे, अडलास तर सरळ फोन लाव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मिल्या