तारेतली वीज आणि उद्याचा फोन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूरध्वनीची तांब्याची तार काढून फायबर जोडण्याचे काम सध्या गावोगाव चालू आहे. गेल्या महिन्यात आमच्या घरची तारही उतरवली. फायबरला माझा विरोध नाही. पण तारेबरोबर जे गेले त्याची भरपाई कोणी करणार आहे का, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आदळले. आमची सुपारीची वाडी आडवी झाली, विजेचे खांब मोडून पडले आणि संध्याकाळपर्यंत एकाही मोबाइलला रेंज राहिली नाही. मुंबईतल्या मुलीला आम्ही सुखरूप आहोत एवढे कळवायला मला चौथ्या दिवशी मोटारसायकलने घाटापर्यंत जावे लागले. तेथे एका वळणावर दहा-बारा माणसे हात उंचावून उभी होती, आणि ज्याच्या फोनमध्ये चार्जिंग शिल्लक होते तो इतरांचे नंबर लावून देत होता. आमची तारही झाड पडून तुटली होती, हे मान्य. पण आठवड्याभरात लाइनमनने ती जोडली तेव्हा गावात वीज यायला अजून तीन आठवडे होते, आणि तेवढे दिवस आमच्या ओटीवरच्या फोनवरून सगळ्या आळीचे निरोप गेले.

हे शक्य झाले, कारण त्या फोनला घरची वीज लागतच नसे. गावोगावच्या तारा जिथे एकमेकींना जोडल्या जातात त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दोन-दोन व्होल्टच्या २४ बॅटऱ्यांची माळ असे, तिच्यातून ४८ व्होल्टचा प्रवाह तारेवाटे थेट घरातल्या संचापर्यंत येई आणि बॅटऱ्या उतरू लागल्या की जनरेटर चालू होई. बोलणे आणि त्यासाठी लागणारी वीज एकाच तारेतून येत असे. फायबरच्या काचेतून केवळ प्रकाश जातो, म्हणून घरातल्या मोडेमला प्लग लागतो. आणि मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात, त्यानंतर रस्ता बंद असेल तर डिझेल पोहोचत नाही.

मुंबईत १८८२ साली पहिले एक्स्चेंज सुरू झाले. तेव्हापासून ऑपरेटरकडे ट्रंक कॉल लावून तासन्‌तास ताटकळणे, १९६० साली कानपूर-लखनौ मार्गावर सुरू झालेली एसटीडी म्हणजे ऑपरेटरविना परगावी थेट फोन लावण्याची सोय, पिवळ्या पाट्यांचे पीसीओ म्हणजे सार्वजनिक फोन आणि १९९५ साली आलेला मोबाइल, असा हा प्रवास माणसाला उत्तरोत्तर मोकळे करणारा ठरला. पूर्वी अंत्यविधी उरकल्यावर बातमी पोहोचत असे. आज परदेशातला मुलगा आजारी आईचा चेहरा रोज पाहतो. हे थोडे नव्हे. मात्र या सगळ्या सुधारणांत संकटाच्या वेळी फोन चालू राहण्याची जबाबदारी एक्स्चेंजकडून हळूहळू आपल्या घरातल्या प्लगवर येऊन पडली, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

ब्रिटनमध्ये तांब्याच्या तारेवरची जुनी दूरध्वनी सेवा बंद करण्याची मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलण्यात आली, कारण वृद्ध आणि आजारी माणसांची संकटसूचना देणारी उपकरणे त्याच तारेवर चालतात. जे ग्राहक लँडलाइनवरच अवलंबून आहेत, त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन फोन करता यावा, अशी व्यवस्था देणे तेथील कंपन्यांवर बंधनकारक आहे. आमच्याकडे एक तास पुरणार नाही, पण निदान तशी अट तरी हवी. उपग्रहाशी थेट जोडला जाणारा मोबाइल हेच भविष्य आहे, असे सांगितले जाते. तो येईल आणि यावाच. तथापि त्याला मोकळे आकाश लागते आणि हातातला संच चार्ज असावा लागतो, म्हणजे प्रश्न पुन्हा विजेपाशीच येतो.

म्हणून दूरसंचार विभागाला आणि राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेला माझी विनंती आहे की, किनारपट्टीच्या तालुक्यांत प्रत्येक गावासाठी निदान एका टॉवरला तीन दिवस पुरेल एवढी बॅटरी आणि सौर पॅनेल बसवणे सक्तीचे करावे. चालू असलेल्या टॉवरवरून कोणत्याही कंपनीच्या सिमला बोलता येण्याची जी सोय अलीकडच्या काही चक्रीवादळांत देण्यात आली, ती वादळाचा इशारा मिळताच आपोआप लागू व्हावी. फायबर जोडताना मोडेमबरोबर छोटी बॅटरीही द्यावी, आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात एक उपग्रह दूरध्वनी ठेवून तो दर महिन्याला लावून पाहावा. ही कामे पुढच्या जूनपूर्वी व्हावीत.

आपला,
एक वाचक, श्रीवर्धन तालुका, जि. रायगड