आमच्या चर्चच्या मंडळ्यांना भेट दिलीत, त्याबद्दल

आदरणीय पाळकसाहेब,

सप्रेम सलाम.

नगरहून इंदूरला निघताना तुम्ही फोनवर अट घातली होती, हारतुरे नकोत आणि संदेश, म्हणजे प्रवचन, द्यायला लावू नका. आमच्या पंचांना ते जरा खटकलंच. पाहुणे पाळक आले आणि पुलपिटवर गेले नाहीत, म्हणजे लोक काय म्हणतील! पण तुम्ही व्हाइट चर्चमध्ये गेलात तेव्हाही आणि दोन खोल्यांत भरणाऱ्या मंडळीत गेलात तेव्हाही शेवटच्या बाकावर, लेकरं घेऊन बसलेल्या आयांशेजारीच बसलात. उपासना संपल्यावर सगळीकडे प्रश्न एकच: "रविवार पाहिला. सोमवार ते शनिवार काय करता?"

आमचा महिला संघ पूर्वी इथल्या सरकारी एमवाय हॉस्पिटलात, खेड्यांतून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी खिचडी न्यायचा. ते हळूहळू बंदच पडलं होतं. मध्य प्रदेशात 2021 साली धर्मस्वातंत्र्याचा नवा कायदा आला, आमिष दाखवून धर्मांतर केलं तर शिक्षा देणारा; तेव्हापासून चारचौघांत काही वाटप करायचं म्हटलं की पंचांच्या पोटात गोळा यायचा. कोणी व्हिडिओ काढला तर? तुम्ही ही भीती हसण्यावारी नेली नाहीत, की "प्रभूवर सोपवा" म्हणून मोकळेही झाला नाहीत. वही मागवलीत आणि सगळं लिहून घ्यायला लावलंत. हॉस्पिटलची परवानगी लेखी. पातेल्याबरोबर एकही पत्रक जाणार नाही. जेवणाऱ्याचा फोटो नाही, त्याला जात-धर्म विचारणं नाही. खर्चाचा हिशेब दर महिन्याला मंडळीसमोर. "लपूनछपून केलंत तर संशय येणारच," एवढं बोललात आणि चहा मागितलात.

पण माझ्या मते तुमचं खरं काम झालं ते आमच्या पाळकांच्या स्वयंपाकघरात. तीन मंडळ्यांचा भार, स्कूटरवरची पळापळ, वर पगार मागेपुढे. पाळकीणबाई पोळ्या लाटत होत्या, तुम्ही स्टूल ओढून लसूण सोलत बसलात आणि त्यांना बोलू दिलंत. मी दारातच होतो. सल्ला एकही दिला नाहीत, निदान माझ्या कानावर तरी आला नाही. राजीनामा लिहून ठेवला होता, हे पाळकांनी आम्हाला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पंचांकडून कबूल करून घेतलंत की महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाळकांचा पगार, बाकीचे खर्च मागाहून. खजिनदार अजून थोडे घुश्श्यात आहेत. होतील शांत.

तरुण संघाला तुम्ही देवास जिल्ह्यात उदयनगरला, सिस्टर राणी मारियांच्या कबरीपाशी नेलंत, तेव्हा कोणीतरी कुरकुरलं, "त्या कॅथलिक, आपण सीएनआयवाले" (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट). तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत. सिस्टर राणी मारिया केरळच्या. इथल्या आदिवासींना सावकारी कर्जातून सोडवायला त्यांनी बचत गट उभे केले, आणि त्याच कारणावरून 25 फेब्रुवारी 1995 ला बसमध्ये त्यांचा खून झाला. 2017 साली त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचा सोहळा आपल्या इंदुरातच झाला, तरी आमच्या मुलांना त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. मारेकऱ्याला त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन राखी बांधली, हे तुम्ही कबरीपाशी सांगितलंत आणि एरवी मोबाइलमधून मान वर न काढणारी पोरं परतीच्या गाडीत त्यावरच भांडत होती. क्षमा करायची म्हणजे शिक्षा माफ करायची का, असा वाद. तो अजून मिटलेला नाही.

कॅनडाचं मिशन 1877 साली इंदुरात आलं, 1887 साली क्रिश्चन कॉलेज उभं राहिलं. आमची आजी ते मोठ्या अभिमानाने सांगायची. त्या पुण्याईवर आम्ही बराच काळ बसून खाल्लं, असं मला आता वाटतं.

हॉस्पिटलची परवानगी मिळाली. गेल्या शनिवारी पातेलं गेलं. झाबुआकडच्या एका म्हाताऱ्या बाबांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि मीठ कमी असल्याचं स्पष्ट सांगितलं. परवानगीच्या पत्राची प्रत सोबत पाठवतो आहे. अटींची भाषा जरा अवघड आहे, तेवढी एकदा नजरेखालून घाला.

आपला,
मंडळीचा एक पंच, इंदूर