बसवलेले पंप पुरे झाले, चालू किती ते सांगा

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

काल माझ्या सौर पंपाच्या तक्रारीवर मोबाईलवर मेसेज आला की, तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. साहेब, आमच्या रानात कुणी आलंच नाही. पंप चालवणारा कंट्रोलर उघडला नाही, वायर तपासली नाही. पंप बंद होता, आजही बंद आहे. मग निकाली काय काढलं?

मी अंबड तालुक्यातली, जालना जिल्ह्यातली शेतकरी. चार एकर रान, त्यात बहुतेक मोसंबी. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून दहा टक्के हिस्सा भरून आम्ही पाच एचपीचा पंप घेतला. पाच वर्षं देखभाल कंपनीकडे, असं योजनेतच लिहिलंय. पंप बसला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, हेही इथे लिहिते. दिवसाउजेडी पाणी धरायचं, हे सुख आमच्या घरात आजवर कुणाला मिळालं नव्हतं.

यंदा अंबिया बहार, म्हणजे थंडी सरताना येणारा फुलोरा, धरला. बागेला पाणी बंद ठेवून दिलेला ताण तोडून पाणी सोडलं, झाडं फुलांनी भरली, आणि सेटिंग, म्हणजे फुलाचं फळ धरणं, सुरू असतानाच कंट्रोलर बंद पडला. मोसंबी लावणाऱ्याला हे दिवस कसले ते सांगावं लागत नाही, तुम्हाला सांगते. ताण तोडल्यावर झाडाला पाणी कमी पडलं की ते आधी फळ टाकतं. आता ऊन तापतंय, पॅनल तळपतायत, विहिरीत पाणी आहे आणि वाटाण्याएवढं फळ झाडाखाली गळून पडतंय. सकाळी ते पायाखाली येतं तेव्हा वर्षाचं उत्पन्न तुडवल्यासारखं वाटतं. जालन्याच्या मोसंबीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे म्हणून भाषणात नाव घेतलं जातं. ती मोसंबी या झाडांवर लागते, साहेब.

शेजारच्या दादांनी त्यांच्या विजेच्या पंपाचं पाणी दिलं म्हणून बाग अजून उभी आहे. पण त्यांना वीज पाळीने येते. रात्रीची पाळी आली की माझे मालक बॅटरी घेऊन रानात जातात आणि ते परत येईपर्यंत मला झोप लागत नाही. साप-विंचवाच्या भीतीने रात्रीचं भिजवणं सुटावं म्हणून तर सोलर घेतलं होतं. 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली तेव्हापासून 'शेतकऱ्याला दिवसा वीज' हे शब्द आम्ही ऐकतोय. 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, उद्दिष्ट 16,000 मेगावॉटवर गेलं. आणि आमच्या घरचा माणूस अजून रात्री बारा वाजता पाण्याचे बारे देतोय.

शेजाऱ्यांची वीज साडेसात एचपीपर्यंत माफ आहे, ते चांगलंच झालं. पण फरक बिलापुरता नाही. त्यांचा डीपी जळाला तर गावात वायरमन आहे. त्याला घरी जाऊन उठवता येतं, चार शब्द सुनावता येतात. विजेच्या ग्राहकाची सेवा ठरल्या मुदतीत झाली नाही तर वीज नियामक आयोगाच्या नियमांत भरपाईची तरतूद आहे. माझ्या पंपाला वायरमन कोण? टोल फ्री नंबर. तिथली मुलगी गोड बोलते, तक्रार क्रमांक देते आणि फोन ठेवते. कंपनीचा माणूस म्हणतो, पार्ट आला की येतो. तालुक्याच्या कार्यालयात गेलं तर म्हणतात, ते कंपनीचं काम आहे. ज्याच्याकडे जावं तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि मधल्या मध्ये आमचं झाड वाळतं.

पोराने मोबाईलवर ऊर्जेच्या बातम्यांचे पॉडकास्ट लावून दिलेत. खुरपताना ऐकते. मला ते आवडतात, त्यातून बरंच कळलं. जून 2025 अखेर देशाच्या वीजनिर्मितीच्या क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांचा झाला. 2030 पर्यंत या इतर स्रोतांची क्षमता 500 गिगावॉट करायचीय. बॅटरी साठवण येतेय, ग्रीन हायड्रोजन येतोय. महाराष्ट्राने एका महिन्यात 45 हजारांवर सौर पंप बसवून गिनीज बुकात नाव नोंदवलं, तेही त्यातच ऐकलं. पंप बसवणाऱ्या पोरांनी उन्हातान्हात काम केलं, त्यांचं श्रेय त्यांना मिळालंच पाहिजे. पण त्यांतले आज किती चालू आहेत, हा प्रश्न एकानेही विचारलेला मी ऐकला नाही. बोलणारे तज्ज्ञ आहेत, विचारणारे हुशार आहेत, आणि सगळे मोजतात ते उभं केलेलं.

त्याच पॉडकास्टमधून मला क्षमता आणि युनिट यांतला फरक कळला. क्षमता म्हणजे जे उभं आहे ते. युनिट म्हणजे प्रत्यक्षात जे निघालं ते. क्षमता निम्मी झाली तरी देशातली सुमारे पाऊण वीज अजून कोळशावरच होते. माझा पंप तुमच्या क्षमतेत धरलेला आहे, साहेब. त्याने आज एक थेंब ओढलेला नाही.

आणि हे तुम्हाला माहीत नाही असं म्हणायलाही जागा नाही. केंद्राच्या सौर पंपांच्या कुसुम योजनेतल्या पंपांना दूरवरून देखरेखीची यंत्रणा बंधनकारक आहे. आमच्या कंट्रोलरमध्ये सिमकार्ड आहे. बसवणारा मुलगाच म्हणाला होता, "काकू, पंप किती चालला ते तिकडं ऑनलाइन दिसतं." म्हणजे पंप बंद पडलेला मी कळवायच्या आधी तिकडे दिसायला हवा होता. बघणारं कुणी नाही, की बघून गप्प बसतात? यातलं काय खरं ते मला तुमच्याकडून ऐकायचंय.

हे एकट्या पंपाचं नाही. गावोगावच्या चौकात सोलर दिव्यांचे खांब बघा, बॅटऱ्या गेल्या आणि खांब राहिले. पाणी शुद्ध करायची यंत्रं फिल्टरवाचून बंद पडलीत. शाळेतले टीव्ही कपाटात गेले. उद्घाटनाला माणसं मिळतात, पैसे मिळतात, मांडव मिळतो. दुरुस्तीला एक मेकॅनिक मिळत नाही. कंपनीचं बिल पंप बसल्यावर निघतं, अधिकाऱ्याचं उद्दिष्ट पंप बसल्यावर पूर्ण होतं, बातमीही त्याच दिवशी लागते. त्यानंतरची पाच वर्षं मी एकटी. नव्या शेतकऱ्याने विजेचं कनेक्शन मागितलं तर त्याला सोलरकडेच वळवतात. दुसरा रस्ता ठेवायचा नाही आणि या रस्त्यावर सोबतही करायची नाही, हा अन्याय आहे.

माझं मागणं असं आहे. सिमकार्डवरून येणारी माहिती तालुकावार उघड करा: किती पंप बसवले, काल त्यांतले किती चालले, किती बंद आहेत आणि कधीपासून. विजेच्या ग्राहकासारखीच दुरुस्तीची मुदत आणि भरपाई सौर पंपाला लावा, ती कंपनीच्या बिलातून कापा. शेतकऱ्याची सही किंवा ओटीपी घेतल्याशिवाय एकही तक्रार निकाली दाखवू नका. आणि तालुक्याला सुटे भाग असलेलं एक केंद्र ठेवा, जिथे आमच्याच गावांतली आयटीआय झालेली पोरं काम करतील.

माझा तक्रार क्रमांक या पत्राच्या कार्यालयीन प्रतीवर लिहिला आहे. ती तक्रार पुन्हा उघडून माणूस याच आठवड्यात पाठवा. गळलेलं फळ परत येणार नाही, पण झाडावर जे राहिलंय त्याला पाणी लागतंय.

आपली,
एक मोसंबी उत्पादक शेतकरी,
ता. अंबड, जि. जालना