बोगदा

प्रिय बापू,

दिवाळीपासून तुझे तीन फोन आले, एकही उचलला नाही. शिव्या राखून ठेव, आधी ऐक. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू, कंबर तशीच.

एक पोरगा आलाय, एकोणीस वर्षांचा. मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीखाली. टाचेच्या वर मागून सगळं सोलून निघालेलं, टेंडन उघडं पांढरं दिसत होतं. दोनदा साफ केलं. त्यावर नुसता कातडीचा पातळ ग्राफ्ट कुठला धरायला! तू फ्री फ्लॅपच म्हणाला असतास, पण तोडलेल्या रक्तवाहिन्या परत जोडायला इथे मायक्रोस्कोप आहे कुणाकडे? म्हणून आपला रिव्हर्स सुरल फ्लॅप, पोटरीची कातडी तिच्या रक्तवाहिन्यांच्या देठासकट. फ्रेंच सर्जन मास्केलेंनी १९९२ साली मांडला आणि तेव्हापासून आमच्यासारख्यांची लाज राखतोय. पोटरीवरून उचलला, देठ घोट्याच्या वर ५ सेंटिमीटरवर राखला, उलटा फिरवून खाली आणला. आणि देठ मधल्या कातडीखालून बोगदा करून ओवला.

हो, बोगदा. ऐकू येतंय मला. 'कातडी उघड, देठावर ग्राफ्ट टाक, ओंगळ दिसेल पण जगेल.' मेसमध्ये त्यावर मी तुला गवंडी म्हणालो होतो आणि आपण आठ दिवस बोललो नव्हतो. (तुझ्या चपला तेव्हा माझ्याकडे होत्या, हा मुद्दा वेगळा.)

रात्री दोनला सिस्टरचा फोन. जाऊन बघतो तर फ्लॅप वांग्यासारखा. दाबून सोडला, रंग झटकन परत. सुई टोचली तर काळं रक्त भळभळ. येणारं रक्त येतंय, जाणारं बोगद्यात अडलंय. टाके कापले, बोगदा उभा चिरला. हळूहळू जांभळा उतरून गुलाबी दिसायला लागला, पण टोकाची दोन बोटं रुंदीची कड गेलीच. साचलेलं रक्त ओढायला लावायचो त्या जळवा आठवल्या, आणि त्या बाटलीतून निसटू देऊन वॉर्डभर शोधायला लावणारा तूही.

त्या कडेचं पुढे निभेल. अडलंय दुसरीकडे. सकाळी त्याच्या आईने विचारलं, "डॉक्टर, कडंला काळं कशानं पडलंय?" आणि मी म्हणालो, "थंडी आहे ना."

बापू, दुपारी ती बाई गावाकडून गोधडी घेऊन आली. नऊवारीच्या तुकड्यांची, हाताने शिवलेली. आता राउंडला गेलो की विचारते, "ऊब पुरतीय न्हवं?" मी मान हलवतो. तिला वाटतं पहिल्या रात्री आपणच पांघरूण घातलं नाही, म्हणून पोराचं कातडं गेलं. काल नवऱ्याला फोनवर तसंच सांगत होती.

खरं सांगायला दोन वाक्यं पुरतील. गेले चार दिवस ती जुळवतोय. तू असं कधी कुणाला सांगितलंयस का? कसं?

वहिनींना नमस्कार. धाकटीची बारावी ना यंदा? सरांकडे जाऊन आलास की कळव.

सोमवारी ड्रेसिंग आहे, त्याआधी फोन कर. उचलतो. गोधडी जड आहे रे, फ्लॅपवर तिचा दाब नको. पण काढा म्हणायची माझी छाती झाली नाही. पायावर लोखंडी कमान ठेवलीय आणि गोधडी तिच्यावर पसरायला सांगितलंय.

तुझा,
गोट्या